एका दिवसात दहा मैल रूळ, आणि बोगद्यात दिवसाला एक फूट

प्रश्न असा होता: अमेरिकेने १८६३ ते १८६९ या सहा वर्षांत, एकही जेसीबी नसताना, १,७७६ मैलांची रेल्वे डोंगर-वाळवंटातून नेली आणि दोन्ही किनारे जोडले. मग आपल्याकडे शंभर किलोमीटरच्या लाईनला दहा-दहा वर्षं का लागतात? त्यांच्याकडे असं कोणतं तंत्र होतं? आणि एका दिवसात दहा मैल रूळ टाकल्याची गोष्ट खरी की थाप?

दहा मैलांची गोष्ट खरी आहे, तिच्याकडे येतोच. पण सुरुवात तिथून केली की पुढचं सगळं गणित चुकतं. माझी नोकरी रेल्वेच्या बांधकामात गेली, त्यातली चांगली वर्षं कोकणातल्या बोगद्यांत. त्यामुळे मी ही लाईन बोगद्याच्या बाजूने बघतो.

आधी 'सहा वर्षं' म्हणजे काय ते पाहू. काम दोन कंपन्यांचं होतं. पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपासून. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक, नेब्रास्कातल्या ओमाहापासून. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमॉन्टरी समिटला दोघींचे रूळ जुळले, तेव्हा पहिलीचे ६९० मैल झाले होते आणि दुसरीचे १,०८६. सेंट्रल पॅसिफिकने जानेवारी १८६३ मध्ये मुहूर्ताची कुदळ मारली. सिएरा नेवाडाच्या माथ्यावर, म्हणजे साधारण १०५ व्या मैलावर, गाडी पोचली ती नोव्हेंबर १८६७ च्या अखेरीस. जवळजवळ पाच वर्षांत १०५ मैल! आपल्याकडच्या कुठल्याही रखडलेल्या प्रकल्पाच्या पंक्तीला बसेल असा हा वेग. जून १८६८ मध्ये गाडी रीनोपर्यंत आली, आणि तिथून प्रोमॉन्टरीपर्यंतचे पाचशेहून जास्त मैल वर्षाच्या आत झाले. युनियन पॅसिफिकचंही तसंच. कुदळ डिसेंबर १८६३ मध्ये, पहिला रूळ थेट जुलै १८६५ मध्ये, ते वर्ष संपताना जेमतेम ४० मैल. आणि १८६८ या एका वर्षात चारशेहून जास्त.

म्हणजे आधी काही वर्षं यादवी युद्ध, पैशाची चणचण आणि खडक यांच्याशी झटापट, आणि मग दीड-दोन वर्षांची धाव. सरासरी काढली की ही झटापट दिसेनाशी होते आणि धाव तेवढी उरते.

खडकाचं आधी सांगतो. माथ्याखालचा सहा नंबरचा बोगदा, समिट टनेल, १,६५९ फूट लांब आहे, म्हणजे साधारण पाचशे मीटर. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यापुढे हा चिमुकलाच. पण अस्सल ग्रॅनाइट, सात हजार फूट उंची, आणि सगळं काम हाताने. एकाने पोलादी पहार धरायची आणि प्रत्येक घावानंतर ती किंचित फिरवायची, दोघांनी आळीपाळीने घण घालायचे. भोक पुरेसं खोल गेलं की सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवायची, बाहेर पळायचं. धूर निवळला की मलबा उपसायचा आणि पुन्हा पहार. काळ्या दारूवर प्रत्येक तोंडाची, म्हणजे जिथे खोदाई चालू असते त्या टोकाची, सरासरी प्रगती पडली दिवसाला १.१८ फूट. ड्रिलिंग जंबो, म्हणजे एकदम अनेक भोकं पाडणारं यंत्र, हाताशी असताना आम्ही एका स्फोटात अडीच-तीन मीटर पुढे सरकायचो, तरी संध्याकाळी वरून फोन यायचाच.

बोगद्यात जास्त माणसं लावली म्हणून वेग वाढत नाही. तोंडावर मावतात तेवढीच माणसं काम करतात, बाकीची बाहेर बसून राहतात. वेग वाढवायचा तर तोंडं वाढवावी लागतात. त्यांनी तेच केलं. बोगद्याच्या मधोमध वरून ७३ फूट खोल शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, खणला आणि खाली उतरून दोन्ही बाजूंना खोदाई सुरू केली. दोनाची चार तोंडं झाली. शाफ्टमधून मलबा वर ओढायला एका जुन्या इंजिनाचा सांगाडा डोंगरावर चढवून त्याचं वाफेचं यारी-यंत्र केलं. मग १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन आलं. त्याआधी, एप्रिल १८६६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को शहरात त्याचा भीषण स्फोट होऊन माणसं मेली होती, त्यामुळे ते वाहून आणण्याची सोय उरली नव्हती. म्हणून जेम्स हाउडन नावाचा रसायनज्ञ ते माथ्यावरच, लागेल तसं तयार करायचा. त्याने प्रगती दिवसाला १.८२ फुटांवर गेली. लोकांना वाटतं की फायदा मोठ्या धमाक्याचा. माझ्या मते खरा फायदा भोकांचा होता. जास्त ताकदीच्या स्फोटकाला लहान व्यासाचं भोक पुरतं, आणि हाताने खोदायचं असेल तर सगळा वेळ भोकातच जात असतो.

ऑगस्ट १८६७ मध्ये तोंडं जुळली तेव्हा रेषेतला फरक दोनेक इंचांचा होता. यावर मी नोकरीत असल्यापासून चकित आहे. शाफ्टमधून रेषा खाली उतरवायची म्हणजे वरून दोन ओळंबे सोडायचे. त्यांच्यात अंतर मिळतं काही फुटांचंच, आणि तेवढ्या आखूड पायावरून शेकडो फूट रेषा पुढे न्यायची. ओळंबा वाऱ्याने हलतो, पाणी टपकतं, धुरात दिवा दिसत नाही. तिथे दोन इंच!

आता ज्याला तुम्ही तंत्र म्हणता ते. बोगदा अडला म्हणून त्यांनी बाकीचं काम थांबवलं नाही. १८६६-६७ च्या हिवाळ्यात तीन इंजिनं, चाळीस वाघिणी आणि चाळीस मैलांचं रुळांचं सामान बैल लावून, घसरगाड्यांवरून, बर्फातून डोंगरापलीकडे ट्रकी नदीच्या खोऱ्यात नेलं आणि तिकडे लाईन टाकायला सुरुवात केली. त्या एका हिवाळ्यात डोंगरावर ४४ वादळं झाली. कुठल्या कामावाचून पुढचं अडतं आणि कुठल्या कामावाचून नाही, हे ओळखणं आणि न अडणारं काम आधी उरकणं. आज आपण त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेतो. त्यातून बाहेर येणारा तक्ता साइट ऑफिसच्या भिंतीवर लावतो, आणि तो तिथेच पिवळा पडतो.

हे सगळं ज्यांनी केलं ते बहुतेक चिनी होते, ग्वांगडोंग प्रांतातून आलेले. १८६५ मध्ये पन्नासेक माणसांची तुकडी घेऊन बघितली. बांधकामाचा प्रमुख स्ट्रोब्रिज याला ही बारीक चणीची माणसं टिकतील असं वाटत नव्हतं. दोन-तीन वर्षांत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली, कंपनीच्या मजुरांतले दहापैकी आठ-नऊ चिनी. पगार महिन्याला तीस डॉलरच्या आसपास. गोऱ्या मजुरांना साधारण तेवढाच, पण वर जेवण आणि राहणं फुकट. चिन्यांना आपला शिधा आपणच घ्यावा लागे. प्रत्येक टोळीचा एक मुकादम आणि एक आचारी. पगारपत्रकावर नाव मुकादमाचं, पैसे त्याच्या हाती. त्यामुळे माथ्यावर कोण कोण राबलं त्यांची नावं कागदावर आलीच नाहीत, आणि हिमलोटात किती गाडले गेले याची नोंद कंपनीने ठेवली नाही. प्रेतं वसंतात बर्फ वितळल्यावर सापडली.

एक बारीक गोष्ट. या टोळ्या उकळलेलं पाणी, म्हणजे चहा, पीत. जुन्या पिंपांतून कामावर चहा पोचवला जाई. त्यामुळे हगवणीने आजारी पडण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा कमी राहिलं. ज्याने मजुरांची छावणी चालवली आहे त्याला याचं मोल कळेल. हजेरीपुस्तकात खाडे पडतात ते बहुतेक पाण्यापायी. काही वर्षं आधीच आपल्या भोर घाटात पटकीने मजुरांची अक्षरशः फळी कापली होती.

जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी काम बंद केलं. मागणी होती महिन्याला चाळीस डॉलर आणि कामाचे तास कमी. दंगा नाही, दगडफेक नाही, नुसते छावणीत बसून राहिले. कंपनीच्या चौघा मालकांपैकी चार्ल्स क्रॉकर बांधकाम बघायचा. त्याने शिधा बंद केला. डोंगरात दुसरीकडून अन्न यायला वाट नव्हती. आठवड्यात संप मोडला. 'इतक्या वेगाने कसं जमलं' या प्रश्नाच्या उत्तरात हा आठवडाही धरावा लागतो.

भोर घाट निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण तो याच पिढीचं काम आहे. १८५६ ला सुरुवात, १८६३ ला गाडी सुरू. साधारण सोळा मैल लांबी, पंचवीस बोगदे, चढ १ इन ३७, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर. सेंट्रल पॅसिफिकचा कमाल चढ मैलाला ११६ फूट, म्हणजे १ इन ४५ च्या आसपास. म्हणजे आपला घाट चढाला जास्त कठीण. उंची आणि बर्फ त्यांच्याकडे. दोन्हीकडच्या मूळ अभियंत्यांना गाडी बघायला मिळाली नाही. भोर घाटाचा जेम्स बर्कले १८६२ मध्ये वारला. सिएरातून वाट शोधणारा थिओडोर जुडा पनामामार्गे पूर्वेला जाताना पीतज्वराने आजारी पडला आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये गेला. मात्र पैशाची रीत दोन्हीकडे अगदी वेगळी होती, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची खरी किल्ली तिथे आहे.

आपल्याकडे भोर घाट बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्क्यांची हमी होती. जास्त खर्च झाला तरी भागधारक सुखात, हमीची रक्कम भरणार आपला रयतेचा खजिना. त्यामुळे लाईन सावकाश पण भक्कम झाली. दगडी पूल आजही उभे आहेत. अमेरिकेत याच लाईनसाठी केलेल्या १८६२ च्या कायद्याने पैसा मैलावर मोजला. सपाटीवर मैलाला १६,००० डॉलरचे सरकारी रोखे, मधल्या पठारी प्रदेशात ३२,०००, डोंगरात ४८,०००. शिवाय प्रत्येक मैलामागे ६,४०० एकर जमीन, जी १८६४ मध्ये दुप्पट केली. रोखे कर्जाऊ होते, पण हातात पडायचे ते मैल पुरे झाल्यावर. जो जास्त मैल टाकेल त्याला जास्त.

कंत्राटदाराला रनिंग मीटरवर पैसे द्या आणि काय होतं ते बघा, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. ओमाहातून निघताना युनियन पॅसिफिकने सरळ रेघ सोडून नऊ मैलांचा वळसा घेतला. चढ कमी करायला, असं कारण दिलं. मूळ आखणी करणारा अभियंता पीटर डे याने मैलाला ३०,००० डॉलरचा अंदाज दिला होता, कंत्राट निघालं ५०,००० ने; त्याने राजीनामा दिला. पश्चिमेकडे तर डोंगरच हलवला. सिएराचा पायथा सॅक्रामेंटोपासून सात मैलांवर, आर्केड क्रीकपाशी सुरू होतो असं राज्याच्या भूवैज्ञानिकाकडून लिहून घेतलं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनने ते मान्य केलं. तिथे जमीन परातीसारखी सपाट आहे. दर लागला ४८,००० चा.

युटामध्ये तर कहर झाला. दोन्ही कंपन्यांनी कुठे भेटायचं हे कायद्यात लिहिलंच नव्हतं. रूळ मागे, मातीकाम पुढे, अशा पद्धतीने दोघींच्या टोळ्या समोरासमोर आल्या, एकमेकींना ओलांडून गेल्या आणि दोनशेहून जास्त मैल समांतर भराव घालत राहिल्या. प्रोमॉन्टरी हे ठिकाण ठरलं एप्रिल १८६९ मध्ये, म्हणजे सोहळ्याच्या महिनाभर आधी. ते दुहेरी भराव तिथे अजून दिसतात. युनियन पॅसिफिकच्या संचालकांनी क्रेदी मोबिलिए नावाची आपलीच बांधकाम कंपनी काढून आपल्यालाच फुगवलेली बिलं दिली, आणि काँग्रेसच्या सदस्यांना तिचे शेअर स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये ते बाहेर आलं. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

आता दहा मैल. २८ एप्रिल १८६९, युटा, सेंट्रल पॅसिफिक. भराव आधीच तयार होता. सामानाच्या पाच गाड्या, प्रत्येकीत दोन मैलांचं साहित्य, क्रमाने उभ्या केलेल्या. सकाळी सातला सुरुवात. दुपारी दीडच्या सुमारास सहा मैल झाले आणि जेवायची सुटी झाली. संध्याकाळी सातला थांबले तेव्हा १० मैल ५६ फूट. स्लीपर २५,८०० आणि रूळ ३,५२०. रूळ तीस फुटी, यार्डाला ५६ पौंडाचा, म्हणजे एकेक नग अडीचशे किलोचा. ते सगळे आठ आयरिश हमालांनी उचलले. गणित करा, माणशी शंभर टनांहून जास्त लोखंड एका दिवसात. त्या आठांची नावं नोंदली गेली. खिळे ठोकणाऱ्या, पहारीने रूळ सरळ करणाऱ्या, माती भरणाऱ्या हजारो चिन्यांची नाहीत.

पण त्यात काय नव्हतं ते बघा. बोगदा नाही, पूल नाही, खडी नाही. भराव घालायला जे महिने गेले ते त्या दिवसात धरलेले नाहीत. क्रॉकरने मुहूर्तही हुशारीने निवडला: युनियन पॅसिफिकला विक्रम मोडायला पुरेसे मैल समोर उरले नाहीत तेव्हाच हा डाव टाकला. मी त्याला सर्कस म्हणतो. सर्कशीलाही कसब लागतं. तेवढं सामान तेवढ्या क्रमाने एका टोकाला पोचवणं हे त्या काळी जगातल्या फार थोड्यांना जमलं असतं. सेंट्रल पॅसिफिकचा प्रत्येक रूळ पूर्व किनाऱ्यावरून जहाजाने, बहुतेक दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, काही महिन्यांनी पोचायचा, कारण कायद्याने अमेरिकन लोखंडच वापरायचं होतं. युनियन पॅसिफिकच्या मैदानात झाड नव्हतं. एका मैलाला चाळीस वाघिणी माल लागे आणि तो सगळा एकाच लाईनवरून, नुकत्याच टाकलेल्या रुळांवरून, पुढे जायचा. मैदानात जॅक आणि डॅन केसमेंट या भावांनी मजुरांच्या राहण्या-जेवण्याच्या डब्यांसकट चालतं गावच रुळांवर उभं केलं होतं. तुम्हाला त्या काळातून काही उचलायचं असेल तर हे उचला.

जमिनीचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण विलंबाचं खरं उत्तर बरंचसं त्यातच आहे. कोकण रेल्वेला हजारो खातेदारांकडून जमीन घ्यावी लागली: मोजणी, पंचनामा, नोटीस, हरकत, भरपाई, आंब्या-फणसाची झाडं वेगळी मोजायची. १८६२ च्या कायद्यात एका वाक्यात काम उरकलंय. लाईनच्या दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे फूट पट्टा कंपनीला, आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे हक्क सरकार होईल तितक्या लवकर संपुष्टात आणेल. शायेन, लाकोटा यांची शिकारीची मैदानं या एका कलमाने गेली. ऑगस्ट १८६७ मध्ये नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ शायेन लोकांनी रूळ उखडून मालगाडी पाडली. उत्तरादाखल सैन्य होतं, सैन्याच्या बाजूचे पॉनी जमातीचे टेहळे (पॉनी स्काउट्स) होते आणि मग करार होते. रेषेने रानगव्यांचे कळप उत्तर-दक्षिण दुभंगले, आणि ज्यांचं पोट त्या कळपांवर होतं ते काही वर्षांत राखीव छावण्यांत. हे वाचूनही 'त्यांचं संपादन झटपट झालं' असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं.

दर्जाबद्दलही सांगतो. धावेच्या शेवटच्या हिवाळ्यात युनियन पॅसिफिकने काही ठिकाणी गोठलेल्या जमिनीवर, बर्फावरच स्लीपर मांडून रूळ टाकले. मैदानात कॉटनवुडचं मऊ लाकूड जस्ताच्या क्षारात मुरवून स्लीपर म्हणून वापरलं. ते लवकर कुजलं. लाकडी पुलांचं आयुष्य थोडं होतं, वायोमिंगमधल्या डेल क्रीक ओढ्यावरच्या पुलाचा तो उंच लाकडी सांगाडा वाऱ्यात हलायचा. सेंट्रल पॅसिफिकला बर्फापासून वाचायला माथ्यावर सुमारे ३७ मैल लाकडी छप्परं घालावी लागली. आधी गाडी चालवायची, पैसे घ्यायचे, मग दुरुस्त करायचं, अशी रीत होती. प्रोमॉन्टरीवरून जाणारी मुख्य वाहतूक १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकवरच्या थेट लाईनने बंद केली आणि १९४२ मध्ये तिथले रूळ युद्धासाठी उखडून नेले. जुडाची सिएरातली आखणी मात्र बहुतांशी आजही वापरात आहे. सुरुवातीचा सर्व्हे नीट झाला की काय फरक पडतो ते इथे दिसतं. आपल्याकडे फायनल लोकेशन सर्व्हे घाईत उरकतात आणि मग दहा वर्षं अलाइनमेंट बदलत बसतात. तुमच्या 'का लागतात' ला माझ्यापुरतं पहिलं उत्तर हेच.

शेवटी तुमच्या वाक्यातली एक दुरुस्ती. १० मे १८६९ ला दोन्ही किनारे जोडले गेले नव्हते. सॅक्रामेंटो समुद्रावर नाही; तिथून ओकलंडच्या खाडीपर्यंत लाईन पोचली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. आणि ओमाहाला मिसूरी नदीवर पूलच नव्हता, तो झाला १८७२ मध्ये. तोवर प्रवासी फेरीबोटीने नदी ओलांडायचे, थंडीत गोठलेल्या नदीवर तात्पुरते रूळ टाकले जायचे. आपली गोष्टही वेगळी नाही. जबलपूरला मुंबईकडची आणि कलकत्त्याकडची लाईन मार्च १८७० मध्ये जुळली, प्रोमॉन्टरीनंतर दहा महिन्यांनी. पण गाडी थांबायची हावड्याला. हुगळीवर तरता पूल १८७४ चा, त्याआधी कलकत्त्यात जायचं तर सामान घेऊन बोटीतच बसावं लागे.